पाडलं नाही, कुजवलं

बुधवार पेठेत आमचं अभ्यासमंडळ बसतं. रविवारी संध्याकाळी आठ-दहा जण जमतात. कुणी सूतगिरणीतला, कुणी यंत्रमागावरचा, दोघं-तिघं कॉलेजात जाणारे. एकदा हिंदू कोड बिलाचा विषय निघाला आणि एक पोरगा तडक बोलला, "बाबासाहेबांनी चार वर्षं हिंदूंच्या बायकांपायी का घालवली? त्यांचा धर्म, त्यांचा कायदा. आपला काय संबंध? आणि एवढं करून बिल पडलंच ना?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी मंडळात वयानं थोरला, चार कविता छापून आलेला. मला उत्तर येईना. मी म्हटलं, "बघू, पुढच्या रविवारी बोलू." तसे बरेच रविवार गेले. शाळेत मी दहावीच्या पुढं गेलो नाही, त्यामुळं जे वाचलं ते पाळी सुटल्यावर, डोळ्यांवर झोप घेऊन वाचलं. त्या पोराला द्यायचं उत्तर आता इथं लिहितो. उत्तर त्याच्यासाठी आहे तसं माझ्यासाठीही आहे.

पहिली गोष्ट. बिल पडलंच नाही. पडणं म्हणजे मतदान होणं आणि हरणं. हिंदू कोड बिल एकाही मतदानात हरलेलं नाही. जेव्हा जेव्हा सभागृहात मत घेतलं गेलं तेव्हा तेव्हा बिलाच्याच बाजूनं कौल पडला. तरी ते मेलं. कसं मेलं, ते आपण कामगारांनी नीट समजून घेतलं पाहिजे, कारण आपल्याला रोज असंच मारतात.

आधी बिलात काय होतं ते थोडक्यात. इंग्रज सरकारनं १९४१ मध्ये बी. एन. राव यांची समिती नेमली. १९४४ मध्ये ती पुन्हा नेमली गेली. समितीनं प्रांतोप्रांती साक्षी घेतल्या आणि मसुदा केला. ११ एप्रिल १९४७ ला तो दिल्लीच्या कायदेमंडळात मांडला गेला. ऑगस्टमध्ये बाबासाहेब कायदामंत्री झाले आणि बिल त्यांच्या हाती आलं. नवऱ्याला एकच बायको. बाईलाही घटस्फोटाचा हक्क. आंतरजातीय लग्न कायदेशीर. दत्तक घेताना जातीची अट नाही. विधवेला जे मिळेल त्याची ती पूर्ण मालकीण, नुसती मरेपर्यंतची राखणदार नव्हे. आणि बापाच्या मालमत्तेत मुलीला वाटा. राव समितीनं मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा ठेवला होता. बाबासाहेबांच्या निवड समितीनं तो मुलाच्या बरोबरीचा केला.

आता तारखा बघा. १० ऑक्टोबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी राजीनाम्याचं जे निवेदन प्रसिद्ध केलं, त्यात या तारखा त्यांनी ओळीनं दिल्यात. ते वाचताना मला मुकादमापुढं हजेरीचं पुस्तक उघडून ठेवणारा माणूस दिसला.

बिल आलं ११ एप्रिल १९४७ ला. ते नुसतं निवड समितीकडं पाठवायला एक वर्ष लागलं. तारीख ९ एप्रिल १९४८. समितीनं मात्र चार महिन्यांत काम संपवलं आणि १२ ऑगस्ट १९४८ ला अहवाल दिला. ३१ ऑगस्टला अहवाल विचारात घ्यावा असा प्रस्ताव बाबासाहेबांनी मांडला. पण तो कार्यक्रमपत्रिकेवर नाव राहावं एवढ्यापुरताच. चर्चा नाही. चर्चेला सुरुवात झाली फेब्रुवारी १९४९ मध्ये. फेब्रुवारीत चार दिवस, मार्चमध्ये एक, एप्रिलमध्ये दोन. मग थेट डिसेंबरात एक दिवस. त्या दिवशी, १९ डिसेंबर १९४९ ला, सभागृहानं बिल विचारात घ्यायचा प्रस्ताव मंजूर केला. म्हणजे बाबासाहेब जिंकले.

जिंकल्यावर काय मिळालं? १९५० सालात एक दिवसही नाही. त्याच साली २६ जानेवारीला संविधान लागू झालं. स्त्री-पुरुष समान, असं त्यात लिहिलेलं. आणि त्याच साली त्या समानतेच्या बिलाला वर्षभरात एक तास मिळाला नाही. १९५१ मध्ये फेब्रुवारीच्या ५, ६, ७ या तीन तारखा दिल्या आणि पुन्हा बिल बाजूला सारलं. बाबासाहेब म्हणतात, ते कुजत ठेवलं.

मी बेरीज केली. चार, एक, दोन, एक आणि तीन. अकरा दिवस. अहवाल आल्यापासून अडीच वर्षांत अकरा दिवस. कवितेत एखादा शब्द इकडं-तिकडं झाला तर खपतो. म्हणून ही बेरीज मी तीनदा केली. अकराच.

आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. संविधानाच्या मसुद्यावर संविधान सभेनं ११४ दिवस चर्चा केली आणि २६ नोव्हेंबर १९४९ ला तो स्वीकारला. ३९५ कलमं. माणसं तीच. संविधान करायला बसले की ती संविधान सभा, रोजचे कायदे करायला बसले की तेच कायदेमंडळ. मसुदा पुढं नेणारा माणूसही तोच. म्हणजे त्यांना काम येत नव्हतं असं नाही. वेळ नव्हता असंही नाही. देशाच्या घटनेत समता लिहायला ती माणसं तयार होती. घरातल्या घटनेत लिहायला तयार नव्हती.

लोक म्हणतात, संसदेत दोन पक्ष भांडतात म्हणून काम अडतं. इथं तर दोन पक्ष तोलाचे नव्हतेच. सभागृह काँग्रेसनं भरलेलं होतं. सरकार काँग्रेसचं, बिल सरकारचं, पंतप्रधान नेहरू बिलाच्या बाजूचे. मग अडवलं कुणी? त्याच पक्षानं. श्यामाप्रसाद मुखर्जी किंवा नझीरुद्दीन अहमद यांच्यासारखे उघड विरोधक होते. ते तोंडावर बोलत. रस्त्यावर साधू-महंत आणि करपात्री महाराजांचे लोक ओरडत होते. तेही दिसत होते. दिसणाऱ्याशी लढता येतं. रेणुका राय, दुर्गाबाई यांच्यासारख्या बाया सभागृहात त्यांना उत्तरं देतच होत्या. पण खरी अडचण मागच्या बाकांवर बसलेल्या सत्ताधारी पक्षाच्या सभासदांची होती. त्यांना बिल नको होतं आणि पंतप्रधानांविरुद्ध हात वर करायचं धाडसही नव्हतं. त्यांनी तिसरी वाट काढली. वेळ खायची.

संसदेत वेळ खाणं सोपं असतं. एका कलमावर तासन् तास बोलायचं. सूचनेवर सूचना द्यायची. हे सभागृह थेट जनतेनं निवडलेलं नाही, निवडणुका होईपर्यंत थांबा, असं म्हणायचं. (त्याच न निवडलेल्या सभागृहानं संविधान केलं, तेव्हा हे कुणाला सुचलं नव्हतं.) अशा वेळी चर्चा आवरायला एक साधन असतं. चर्चा बंद करून मत घ्या, असा प्रस्ताव मांडायचा. तो मांडणं आणि पक्षाची माणसं हजर ठेवणं हे मुख्य प्रतोदाचं, चीफ व्हिपचं काम. आपल्या भाषेत पक्षाचा मुकादम. बाबासाहेबांचं म्हणणं असं, की हा मुकादमच बिलाचा वैरी होता. बिल चर्चेला आलं की तो नेमका गैरहजर. पक्षादेशही काढला नाही. आणि पंतप्रधानांनी त्याला जाबही विचारला नाही.

आम्ही खात्यात हात जरा सैल सोडला, तर लगेच शिक्का बसतो, 'हळू काम' म्हणून. चार्जशीट मिळते. इथं राज्यकर्त्यांनी चार वर्षं हळू काम केलं. त्यांना कुणी चार्जशीट दिली? एकट्या बाबासाहेबांनी. तीच ती तारखांची यादी.

हे त्यांच्या वाट्याला पहिल्यांदा आलं असंही नाही. १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी महार वतनाचं बिल आणलं. तुकडाभर जमीन आणि बलुतं यांच्या बदल्यात महारानं रात्रंदिवस सरकारची आणि गावाची पायपीट करायची, ती बेगारी बदलण्यासाठी. ते बिल समितीच्या घाणीत पिळून निघालं आणि १९२९ मध्ये त्यांना मागं घ्यावं लागलं. मग १९३७. स्वतंत्र मजूर पक्ष. आपल्या सोलापूर जिल्ह्यातून जिवाप्पा ऐदाळे त्या पक्षातर्फे निवडून गेले. १७ सप्टेंबर १९३७ ला बाबासाहेबांनी कोकणातली खोती मोडायचं बिल मांडलं. काँग्रेसच्या सरकारनं ते पुढं सरकूच दिलं नाही. तेव्हा बाबासाहेबांनी काय केलं? १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर नेला. आत दार बंद झालं तर बाहेरून ठोठावायचं, हे ते तेव्हाच करून चुकले होते.

या दोन्ही बिलांचं पुढं काय झालं ते लक्षात ठेवा. खोती मोडणारा कायदा १९४९ चा. वतनं मोडणारा कायदा १९५८ चा, बाबासाहेब गेल्यानंतरचा. म्हणजे मागणी चुकीची होती असं नाही. ती ज्यांच्या तोंडून आली ती तोंडं त्यांना नको होती.

आता १९५१ चा सप्टेंबर. बाबासाहेबांची तब्येत ढासळलेली. १० ऑगस्टला त्यांनी नेहरूंना पत्र लिहिलं. मला औषधपाण्यासाठी वेळ द्यायचाय, त्याआधी बिल १६ ऑगस्टला घ्या, १ सप्टेंबरपर्यंत संपवा, अशी विनंती केली. नेहरूंचं उत्तर आलं, जरा सबुरीनं घ्या, आत-बाहेर विरोध आहे, सप्टेंबरच्या सुरुवातीला घेऊ. सुरुवात म्हणता म्हणता १७ सप्टेंबर उजाडला. खोतीच्या बिलाला त्या दिवशी बरोबर १४ वर्षं झाली होती. तोवर बिलाचं अंग कापून झालं होतं. सगळं नको, फक्त लग्न आणि घटस्फोटाचा भाग घेऊ, असं ठरलेलं. बाबासाहेबांनी तेही मान्य केलं. सगळं जाण्यापेक्षा थोडं तरी वाचेल म्हणून. त्यात राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी नेहरूंना कळवलं, की हे बिल माझ्याकडं आलं तर मी माझ्या बुद्धीनं निर्णय घेईन. पुढं निवडणुका. काही दिवस चर्चा झाली, चार कलमं मंजूर झाली, आणि मग पंतप्रधानांनीच सांगितलं, हाही भाग सोडून द्या.

चार वर्षं, चार कलमं.

२७ सप्टेंबर १९५१ ला बाबासाहेबांनी राजीनामा दिला. कारणं बरीच होती. अनुसूचित जातींची उपेक्षा, मागासवर्गीयांसाठीचा आयोग न नेमणं, परराष्ट्र धोरण, मंत्रिमंडळाच्या समित्यांतून त्यांना लांब ठेवणं. पण शेवटचा घाव बिलाचा. निवेदनात त्यांनी म्हटलंय, की वर्गावर्गातली आणि स्त्री-पुरुषातली विषमता तशीच ठेवून नुसते आर्थिक कायदे करत राहणं म्हणजे शेणाच्या ढिगावर राजवाडा बांधणं. नेहरूंच्या प्रामाणिकपणावर त्यांनी शंका घेतली नाही. बिल तडीस न्यायची जिद्द त्यांच्यात नव्हती, एवढंच म्हणाले. मला हे जास्त झोंबतं. वाईट माणसानं अडवलं असतं तर गोष्ट सोपी होती.

१० ऑक्टोबरला ते हे निवेदन सभागृहात वाचणार होते. उपसभापतींनी सांगितलं, आधी प्रत द्या, आणि संध्याकाळी सहा वाजता बोला. गिरणीच्या गेटवर कामगाराची झडती घेतात तशी शब्दांची झडती. बाबासाहेब सभागृहातून उठून बाहेर पडले आणि निवेदन वर्तमानपत्रांच्या हाती दिलं. म्हणजे पुन्हा तेच. आतलं दार बंद झालं, तेव्हा बाहेर येऊन लोकांपुढं हिशेब मांडला.

लोकांनी काय केलं? १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत उत्तर मुंबईत काँग्रेसच्या काजरोळकरांनी बाबासाहेबांना पाडलं. संविधान लिहिणारा माणूस पहिल्या लोकसभेत नाही. पण शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे जे दोन खासदार देशभरातून निवडून आले, त्यातला एक आपल्या सोलापूरचा. पां. ना. राजभोज. आपला मतदारसंघ तेव्हा दोन सदस्यांचा होता. दुसऱ्या जागी शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे. म्हणजे दोन्ही जागी काँग्रेस नाही. याच गावात ४ जानेवारी १९२५ ला बहिष्कृत हितकारिणी सभेनं आपल्या पोरांसाठी वसतिगृह काढलं होतं. सत्तावीस वर्षांनी इथल्या लोकांनी हत्तीच्या पेटीत मत टाकलं. हे आपण विसरलोय. सोलापूरच्या कामगारानं तेव्हा हिशेब वाचला होता.

निवडणुकीत काँग्रेसला ४८९ पैकी ३६४ जागा मिळाल्या. मग त्याच नेहरूंच्या सरकारनं कोड बिलाचे तुकडे करून ते मंजूर करून घेतले. १९५५ चा विवाह कायदा. १९५६ चे वारसा, पालकत्व, आणि दत्तक-पोटगी हे तीन कायदे. बिल पुढं नेलं हरि विनायक पाटसकर यांनी. चांगलं झालं, ते मी नाकारत नाही. पण दुरुस्त्या बघा. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत जन्मानं हक्क मुलालाच राहिला. मुलीला तो महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि साऱ्या देशात २००५ मध्ये मिळाला. आणखी एक कलम होतं, २३ वं. राहत्या घरात मुलीचा हिस्सा आहे, पण भाऊ वाटणी करत नाहीत तोवर तिनं वाटणी मागायची नाही. म्हणजे भावानं 'बघू' म्हणत राहायचं, कायदा त्याच्या पाठीशी. हे कलमही २००५ मध्येच गेलं. १९५१ मध्ये जे कुजवलं, त्याचा वास चोपन्न वर्षं येत राहिला.

आता त्या पोराचा पहिला प्रश्न. आपला काय संबंध?

बाबासाहेबांनी सभागृहात विरोधकांना ऐकवलं होतं, की घटस्फोट हिंदूंना परका नाही. शूद्र जातींत तो रूढीनं चालतच आलाय, आणि शूद्रच बहुसंख्य आहेत. आपल्या आज्या-पणज्यांना काडीमोड माहीत होती, पाट माहीत होता. मग मूठभरांची चाल सगळ्या समाजाचा धर्म का? एवढंच नाही. आपल्या मुंबई प्रांतात दुसरी बायको करायला बंदीचा कायदा १९४६ चा आणि घटस्फोटाचा कायदा १९४७ चा. म्हणजे दिल्लीत धर्म बुडेल म्हणून जे रडत होते, ते सोलापुरात आधीच लागू होतं. सिद्धेश्वराचं तळं काही आटलं नाही.

आणि कायद्याचं पुस्तक उघडून बघा. हे चारही कायदे बौद्धांनाही लागू आहेत. वारसा कायदा आला जून १९५६ मध्ये, दीक्षा झाली त्याच साली १४ ऑक्टोबरला. दीक्षा घेतलेल्या आपल्या आया-बहिणींच्या वाट्याला जो काही हिस्सा आला, तो याच कायद्यानं. "त्यांच्या बायका" म्हणणाऱ्या पोरा, त्यात तुझी आई आली.

आणि माझी ताई आली.

आमचे आबा वारले. मागं एक पत्र्याचं घर, दोन खोल्या. उताऱ्यावर नाव आबांचं. ताई नवऱ्यानं टाकल्यापासून आमच्याकडंच असते, विड्या वळते. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला त्या रात्री तिनं मला विचारलं, "घरावर आईचं नि तुझं नाव लावशील. माझं लावणार हैस का न्हाई?" मी म्हटलं, "बघू." नातेवाईक म्हणाले, तिच्याकडून हक्कसोडपत्र लिहून घे, पुढं कटकट नको. मी त्यांनाही म्हटलं, "बघू." मला वाटलं, मी चांगला भाऊ. मी कुठं नाही म्हटलंय? हक्कसोडपत्रावर तिचा अंगठाही घेतला नाही.

फेब्रुवारीत चार, मार्चमध्ये एक, एप्रिलमध्ये दोन ही बेरीज करत बसलो होतो त्या रात्री ताई शेजारी सूप घेऊन विड्या वळत होती. म्हणाली, "काय मोजायलास एवढं?" मी सांगितलं. बाबासाहेबांच्या बिलाचे दिवस. तिनं ऐकून घेतलं. मग खाली मान घालूनच म्हणाली, "माझं बी मोज की. चौदा महिनं झालं."

मला वर बघवेना. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली माझ्या कविता छापून आलेले अंक. आणि घरात मीच तो गैरहजर राहणारा मुकादम.

दुसऱ्या आठवड्यात खाडा करून कचेरीत गेलो. तीन नावांचा अर्ज दिला. आई, ताई, मी. तिथल्या माणसानं अर्ज उलटापालटा केला आणि म्हणाला, "बहिणीचं कशाला? बघू, पुढच्या आठवड्यात या." मी पुढच्या आठवड्यात गेलो. त्याच्या पुढच्याही गेलो. आता ताई बरोबर येते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक खेपेची तारीख आम्ही लाल पेन्सिलीनं लिहून ठेवतो. आजवर सहा झाल्या. काम झालेलं नाही. दहा झाल्या की ती यादी आणि अर्जाची पोच घेऊन आम्ही वरच्या साहेबाकडं जाणार, आणि मंडळाची पोरंही बरोबर घेणार. ज्या पोरानं प्रश्न विचारला होता, तो म्हणाला, मी पुढं असतो.

मित्रांनो, 'नाही' म्हणणाऱ्याचं तोंड आपल्याला ओळखता येतं. त्याच्यावर मोर्चा नेता येतो. 'बघू' म्हणणारा संसदेत असतो, कचेरीत असतो, युनियनच्या ऑफिसात असतो, आणि आपल्या घरातही असतो, जयभीम म्हणत. बाबासाहेबांनी त्याच्यावर एक उपाय दाखवून ठेवलाय. तारखा लिहून ठेवायच्या, त्या जाहीर वाचायच्या, आणि खुर्ची आड येत असेल तर खुर्ची सोडायची. आपल्याकडं सोडायला खुर्च्या नाहीत. तारखा लिहायला पेन्सिल आहे.

जयभीम.